बायरिश बोली: आली की घडली?

740 च्या सुमारास बव्हेरियाच्या ड्यूकांच्या राज्यात एक कायदेसंहिता लिहिली गेली. तिचं नाव ‘लेक्स बायुवारिओरुम’, म्हणजे बायुवारी लोकांचा कायदा. भाषा लॅटिन. पण लॅटिन लिहिता लिहिता लेखनिकाची लेखणी काही ठिकाणी अडते. रागाच्या भरात कुणी एखाद्या स्वतंत्र माणसाला ठोसा मारला आणि टेंगूळ आलं, तर दंड एक सॉलिडस, हे त्याला नोंदवायचं आहे. आता न्यायसभेत उभा राहणारा शेतकरी त्या माराचं नाव लॅटिनमध्ये थोडंच घेणार? त्याचा स्वतःचा शब्द आहे. म्हणून लेखनिक वाक्याच्या मध्येच सांगून टाकतो की या माराला लोक ‘पुलिस्लाक’ म्हणतात. पुढच्याच कलमात रक्त निघालं तर दीड सॉलिडस, आणि त्यासाठी लोकांचा शब्द ‘प्लोटरुन्स’.

हे दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात. ‘पुल’ म्हणजे सूज, ‘स्लाक’ म्हणजे मार. ‘प्लोट’ म्हणजे रक्त, ‘रुन्स’ म्हणजे वाहणं. इंग्रजीतला ‘ब्लड’ आणि हा ‘प्लोट’ एकाच मुळाचे. इंग्रजीत जिथे ‘ब’ आणि ‘ड’ राहिले, तिथे या डोंगरपायथ्याच्या माणसांच्या तोंडी ‘प’ आणि ‘ट’ आले होते. मधला ‘ओ’सुद्धा बोलका आहे. पश्चिमेचे शेजारी, म्हणजे अलेमानी लोक, याच स्वराचा ‘उओ’ करू लागले होते. बव्हेरियात साधा ‘ओ’ आणखी बराच काळ टिकला. एका शब्दात तीन खुणा, आणि तिन्ही मिळून सांगतात की आठव्या शतकात इथली बोली आपल्या अंगाने चालू लागली होती.

पण त्याआधीचं काय? हे बोलणारे लोक कोण, आले कुठून, आणि बोली त्यांनी सोबत आणली की इथे आल्यावर घडवली? या प्रश्नावर दोनशे वर्षं वाद चालू आहे. भाषाशास्त्र, पुरातत्त्व, इतिहास आणि अलीकडे जनुकशास्त्र, सगळ्यांनी त्यात हात घातला आहे. माझं मत आधीच सांगतो: ही बोली कुठल्या जमातीने गाडीत घालून आणलेली नाही. डॅन्यूब आणि आल्प्स यांच्यामधल्या जुन्या रोमन मुलखात, नाना ठिकाणच्या माणसांच्या सहवासात, ती जागच्या जागी घडली. आणि याचे सर्वांत चांगले साक्षीदार आहेत गावांची नावं, वारांची नावं, जकातीचा शब्द, सदऱ्याचा शब्द.

आधी नावाचा गुंता. आज राज्याचं जर्मन नाव ‘बायर्न’ वाय हे अक्षर घालून लिहितात. ते राजा लुडविग पहिला याच्या 1825 मधल्या आदेशामुळे. त्याला ग्रीक संस्कृतीचं वेड होतं आणि वाय हे ग्रीक वळणाचं अक्षर. भाषाशास्त्रज्ञ मात्र बोलीचं नाव आजही जुन्या पद्धतीने आय घालून ‘बायरिश’ असं लिहितात. हा हट्ट नव्हे, त्यात उपयुक्त भेद आहे. बव्हेरिया राज्यात फ्रँकोनियन आणि स्वाबियन बोलणारेही राहतात. उलट बायरिश बोलणारे मोठ्या संख्येने राज्याबाहेर, जवळजवळ सगळ्या ऑस्ट्रियात आणि इटलीतल्या दक्षिण टायरोलमध्ये आहेत. बोलीची हद्द आणि राज्याची हद्द कधीच जुळल्या नाहीत. जुळल्या होत्या त्या एकदाच, अगदी सुरुवातीला, आणि तिथेच या कहाणीची किल्ली आहे.

लिखित इतिहासात हे बायुवारी लोक सहाव्या शतकात एकदम समोर येतात. 551 च्या सुमारास गॉथ लोकांचा इतिहास लिहिणारा जॉर्डानेस त्यांना स्वाबियनांच्या पूर्वेला दाखवतो. कवी व्हेनान्शियस फॉर्च्युनेटस 565 मध्ये इटलीतून आल्प्स ओलांडून गॉलमध्ये गेला. पुढे लिहिलेल्या काव्यात तो वाटसरूला आल्प्सकडचा रस्ता सांगतो आणि बायुवारी वाट अडवणार नसेल तर पुढे जा, अशा अर्थाचा सल्ला देतो. त्याच्या आधी, टॅसिटसपासून पुढे चारशे वर्षांच्या रोमन लिखाणात, या नावाची जमात सापडत नाही. इतके लोक अचानक कुठून उगवले?

नावाची फोड बहुतेकांना मान्य आहे. ‘बायो’ हा भाग बोयी या केल्टिक लोकांच्या नावातून आला. त्यांच्यावरूनच बोहेमियाला ‘बोयींचं घर’ असं नाव पडलं आणि ते टॅसिटसच्याही कानावर होतं. ‘वारी’ म्हणजे एखाद्या ठिकाणचे रहिवासी. तेव्हा बायुवारी म्हणजे ‘बोहेमियावाले’. अठराव्या शतकापर्यंतचे आणि नंतरचेही काही विद्वान यावरून बव्हेरियनांना थेट केल्ट ठरवत. 1839 मध्ये कास्पार त्सॉइस याने ते मोडून काढलं आणि बव्हेरियन म्हणजे बोहेमियात राहणारे जर्मानिक मार्कोमानी, असं मांडलं. पुढे शंभर वर्षं पाठ्यपुस्तकांत हेच राहिलं: एक जमात बोहेमियाच्या जंगलातून उतरली, रिकामा मुलूख ताब्यात घेतला, आणि आपली बोली सोबत आणली.

विसाव्या शतकात पुरातत्त्वाने या मताला आधी आधार दिला आणि मग तेच मत पोखरलं. डॅन्यूबकाठच्या रोमन छावण्यांत हाताने घडवलेली, तिरक्या खाचांची मातीची भांडी मिळाली. तशीच भांडी दक्षिण बोहेमियातही होती. श्ट्राउबिंगजवळचं फ्रीडनहाइन आणि बोहेमियातलं प्रशेश्तोविट्से या दोन गावांवरून त्या शैलीला जोडनाव मिळालं. पण ही भांडी प्रामुख्याने पाचव्या शतकातली, आणि त्यांचे मालक रोमन सैन्यात चाकरीला असलेले लोक. म्हणजे बोहेमियाकडचे काही लोक आले खरे, पण जिंकायला नव्हे, नोकरीला. नाव त्यांचं, पण गर्दी सगळ्यांची. तिच्यात अलेमानी होते, थुरिंगियन होते, पूर्वेकडून आलेले लोंबार्ड आणि गॉथ होते आणि जागचे रोमनही होते. 1988 साली रोझेनहाइम आणि मात्झे इथे बायुवारींवर मोठं प्रदर्शन भरलं, तोवर हे मिश्रणाचं चित्र बरंच रुजलं होतं. 2012 मध्ये बव्हेरियाच्या प्रारंभावर निघालेल्या मोठ्या संशोधन-संग्रहाने तर ‘जमात आली’ या कल्पनेवरच प्रश्नचिन्ह लावलं आणि रोमन प्रांतापासून सुरू होणाऱ्या सलगतेकडे लक्ष वळवलं.

2018 मध्ये जनुकशास्त्रज्ञांनी 500 च्या आसपासच्या बव्हेरियातल्या दफनभूमींतले सांगाडे तपासले. बहुतेक लोक मध्य आणि उत्तर युरोपीय वंशाचे निघाले. पण लहानपणी कवटी बांधून लांबट केलेल्या काही स्त्रिया तिथे पुरलेल्या होत्या, आणि त्यांचे पूर्वज दूर आग्नेय युरोपातले होते. त्या लग्न होऊन आल्या असाव्यात, हा अंदाज पटण्यासारखा आहे. मला या शोधातली वंशाची बाजू फारशी महत्त्वाची वाटत नाही. मला दिसतं ते घर. आई एका मुलखाची, बाप दुसऱ्याचा, शेजारी तिसऱ्याचे. आणि अंगणात खेळणाऱ्या पोरांची बोली मात्र एकच होत चाललेली.

हा मुलूख रिकामा नव्हता, हे नीट समजून घेतल्याशिवाय बोलीचा जन्म कळत नाही. डॅन्यूबच्या दक्षिणेला रेशिया आणि नोरिकम हे रोमन प्रांत होते. रेगेन्सबुर्गची मोठी छावणी मार्कस ऑरेलियसच्या काळात, 179 मध्ये पुरी झाली. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागाची काय दशा झाली, ते संत सेवेरिनस याच्या चरित्रात वाचायला मिळतं. त्याचा शिष्य युगिपियस याने ते 511 मध्ये लिहिलं. 488 मध्ये इटलीचा राजा ओडोआकर याने नोरिकमच्या नदीकाठच्या रोमन लोकांना इटलीत परत येण्याचा हुकूम दिला, आणि लोक सेवेरिनसचा देह घेऊन निघाले. पूर्वी इतिहासकार इथेच पूर्णविराम देत: रोमन गेले, जर्मानिक आले.

पण गावांची नावं वेगळं सांगतात. रोझेनहाइमजवळ इन नदीवर रोमनांचा पूल होता. त्याचं नाव ‘पोन्स एनी’, इनवरचा पूल. आज तिथे नदीच्या दोन काठांवर लांगेनप्फुन्त्सेन आणि लेओनहार्ड्सप्फुन्त्सेन अशी दोन गावं आहेत. त्यातला ‘प्फुन्त्सेन’ म्हणजे लॅटिनचा ‘पोंते’, पूल. जर्मन भाषेच्या दक्षिणेकडच्या बोलींत सहाव्या ते आठव्या शतकांदरम्यान व्यंजनांची मोठी उलथापालथ झाली: शब्दारंभीच्या ‘प’ चा ‘प्फ’, ‘ट’ चा ‘त्स’ किंवा ‘स’, स्वरानंतरच्या ‘क’ चा ‘ख’. म्हणून इंग्रजी टेन तर जर्मन त्सेन, इंग्रजी वॉटर तर जर्मन वासर, इंग्रजी मेक तर जर्मन माखेन. ‘पोंते’ या शब्दाने ही सगळी उलथापालथ अंगावर झेलली आहे. याचा अर्थ ती घडण्याआधीच तो शब्द जर्मानिक बोलणाऱ्यांच्या तोंडी होता. आणि तो त्यांना दिला कुणी? पुलाला पोंते म्हणणारे लोक अजून पुलाशीच राहत होते त्यांनी. पासाउचीही तीच गोष्ट. ऱ्हाईनच्या मुखाकडच्या बटावी सैनिकांची तुकडी तिथे होती म्हणून गाव ‘बटाविस’. मधल्या ‘ट’ चा ‘स’ झाला आणि आरंभीचा ‘ब’ बायरिश पद्धतीने ‘प’ झाला. क्युन्त्सिंग या गावाच्या नावात ‘क्विंताना’ लपलं आहे, म्हणजे पाचव्या तुकडीची छावणी.

याच्या उलट पार्टेनकिर्खेन. रोमन काळातलं ते ‘पार्थानुम’. त्याच्या ‘प’ चा ‘प्फ’ झालाच नाही. म्हणजे डोंगराच्या कुशीतल्या त्या खोऱ्यात लॅटिनची लेक असलेली बोली जास्त काळ टिकली आणि नाव जर्मानिक तोंडात उशिरा गेलं. तिथून जवळच 763 च्या एका दस्तऐवजात ‘वाल्होगोइ’ हा परगणा येतो. जर्मानिक लोक रोमनांना ‘वाल्ख’ म्हणत; तेव्हा हा वाल्खांचा परगणा, आजचं वालगाउ. वाल्खेनझे हे सरोवर, झेवाल्खेन आणि श्ट्रासवाल्खेन ही गावं, सगळी त्याच शेजाराची आठवण. साल्झबुर्गच्या बिशपने 790 च्या आसपास आपल्या मालमत्तेची यादी करवली, तिच्यात कर भरणारे ‘रोमन’ ठिकठिकाणी नोंदले आहेत. सेवेरिनसच्या लोकांना जाऊन तीनशे वर्षं झाली होती.

आणि मग नवव्या शतकाच्या आरंभीचा एक हस्तलिखित संग्रह, जो कासेल शहरात जपला आहे. बाजारात, प्रवासात, न्हाव्यापुढे कामी यावीत अशी वाक्यं त्यात रोमान्स वळणाच्या लॅटिनमध्ये आणि शेजारी बायरिशमध्ये आहेत. केस काप, दाढी कर, शरीराचे अवयव, घरातली भांडी, जनावरं. मध्येच लिहिणाऱ्याने एक शेरा घातला आहे की रोमन मूर्ख आणि बव्हेरियन शहाणे. असा टोमणा माणूस रोजच्या शेजाऱ्यालाच मारतो. ज्यांच्याशी गाठ पडत नाही त्यांच्याशी बोलायला वाक्यांचं पुस्तक लागत नाही.

बाकीची गावं मात्र नव्या वस्तीची. ‘इंग’ शेवटी असलेली शेकडो नावं या भागात आहेत, आणि तो प्रत्यय एखाद्या माणसाच्या लोकांचा गट दाखवतो. म्युनिकचं पश्चिमेकडचं गजबजलेलं स्टेशन पासिंग हे 763 मध्ये ‘पासिंगास’ आहे, पासो नावाच्या कुणाची माणसं. ही नावं बहुधा सहाव्या शतकातली. म्हणजे वाल्खांची वस्ती आणि पासोंची वस्ती शेजारी शेजारी, आणि दोघांवर एकच ड्यूक.

हा ड्यूक महत्त्वाचा. आगिलोल्फिंग घराण्याने सहाव्या शतकाच्या मध्यापासून 788 पर्यंत बव्हेरियावर राज्य केलं. कधी फ्रँकांच्या हाताखाली, कधी जवळजवळ स्वतंत्र. त्यातल्या गारिबाल्डची मुलगी थिओडेलिंडा 589 मध्ये लोंबार्डांची राणी झाली. 739 मध्ये मिशनरी बोनिफेस याने रेगेन्सबुर्ग, फ्रायझिंग, साल्झबुर्ग आणि पासाउ या बिशपपीठांची रचना लावली. एक कायदा, एक दरबार, एकमेकांशी जोडलेली चर्चची केंद्रं. लेश नदीच्या पश्चिमेला अलेमानी, पूर्वेला बव्हेरियन, आणि लेश आजही या दोन बोलींची ठळक सीमा आहे. आठव्या शतकात काठाच्या अलीकडच्या-पलीकडच्या बोलण्यात फरक थोडाच होता. नदीने बोली तोडल्या असं म्हणण्यापेक्षा, तिथे एका ड्यूकाचा अंमल संपत होता आणि माणसांचं येणंजाणं, सोयरीक, बाजार आपापल्या बाजूला वळत होते, हे कारण मला जास्त खरं वाटतं. राज्याच्या चौकटीत बोली मुरत गेली.

लेखणी हातात आली ती चर्चमधून. फ्रायझिंगचा बिशप आर्बेओ (764 ते 783) याच्या काळाशी ‘आब्रोगान्स’ या कोशाचं नातं जोडलं जातं. मुळात तो लॅटिन समानार्थी शब्दांचा कोश. पहिलाच शब्द आब्रोगान्स, म्हणजे नम्र, म्हणून कोशाचंही तेच नाव. कुणीतरी बसून त्यातल्या शब्दांना जर्मन प्रतिशब्द दिले आणि साडेतीन हजारांहून अधिक जर्मन शब्दांची पुंजी जमा झाली. त्यात चुका पुष्कळ आहेत. लॅटिन शब्दाचा अर्थ चुकला की प्रतिशब्दही चुकतो. पण ज्या भाषेत यापूर्वी कुणी फारसं काही लिहिलं नव्हतं, तिच्यात ‘नम्रता’ कशी म्हणावी याचा विचार करत एक माणूस मेणबत्तीशी बसला होता, हे मनात आलं की चुका दिसेनाशा होतात. हा कोश बव्हेरियात तयार झाला असं मानतात, पण टिकून राहिलेली मुख्य प्रत स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेनच्या मठात आहे.

‘वेसोब्रुनची प्रार्थना’ ही 814 च्या आसपासची. सृष्टीच्या आधी काहीच नव्हतं, या कल्पनेने ती सुरू होते. तिच्या लेखनिकाने ‘गा’ हा उपसर्ग लिहायला अक्षरांऐवजी चांदणीसारखी एक रून खूण वापरली आहे. अलेमानी लेखनिक याच उपसर्गाला ‘गि’ किंवा ‘कि’ करू लागले होते. बायरिशमध्ये जुना ‘गा’ किंवा ‘का’ अजून होता. साल्झबुर्गच्या बांधव-नोंदवहीत, जी बिशप व्हर्जिलच्या हाताखाली 784 मध्ये सुरू झाली, माणसांची नावं आहेत, आणि इतरत्र जिथे ‘ब’ तिथे ‘प’, जिथे ‘ग’ तिथे ‘क’. देवालाही या लेखनात ‘कोट’ म्हणतात.

नंतरचं ‘मुस्पिली’ हे काव्य तर दुसऱ्याच्या पुस्तकात घुसलेलं आहे. साल्झबुर्गचा आर्चबिशप आडाल्राम याने राजपुत्र लुडविगला एक सुबक प्रत भेट दिली. पुढे नवव्या शतकात तिच्या कोऱ्या पानांवर आणि समासांत, ओबडधोबड अक्षरात, मृत्यूनंतर आत्म्याचं काय होतं आणि जग अग्नीत कसं जळतं, हे कुणीतरी बायरिशमध्ये लिहून ठेवलं. राजाच्या पुस्तकावर हे लिहिण्याचं धाडस कुणी केलं हे गूढच आहे. त्या काव्याला नाव दिलं ते योहान आंड्रेआस श्मेलर याने, 1832 मध्ये.

आता त्या शब्दांकडे, ज्यांच्यावर सर्वांत जास्त शाई खर्च झाली आहे. बायरिश बोलीला तिचे स्वतःचे म्हणून ओळखले जाणारे काही शब्द आहेत. मंगळवारला प्रमाण जर्मन ‘डिन्स्टाग’ म्हणते. जुनं बायरिश म्हणते ‘एर्टाग’ किंवा ‘एर्खटाग’. गुरुवारला प्रमाण जर्मनमध्ये ‘डोनर्स्टाग’, मेघगर्जनेच्या देवाचा वार, बायरिशमध्ये ‘प्फिन्सटाग’. मराठी वाचकाला हे दोन्ही शब्द पटकन उलगडतात. आपला मंगळवार मंगळ ग्रहाचा. त्याच ग्रहाचा ग्रीक देव आरेस, आणि एर्टाग म्हणजे आरेसचा वार. आणि प्फिन्सटाग हा ग्रीक ‘पेंप्टे’ वरून, म्हणजे पाचवा दिवस. आपल्या ‘पंच’ शी त्याचं रक्ताचं नातं आहे. रविवारपासून मोजलं तर गुरुवार पाचवा येतो. पण आल्प्सच्या पायथ्याशी शेतकऱ्याच्या तोंडी ग्रीक वार आले कसे?

भाषाशास्त्रज्ञ फ्रीडरिख क्लूगेने 1909 मध्ये उत्तर दिलं: गॉथ लोकांमार्फत. गॉथ आरियन पंथाचे ख्रिस्ती. त्यांचा धर्म पूर्व साम्राज्यातून, ग्रीक वातावरणातून आलेला. त्यांच्या धर्मप्रचारकांनी डॅन्यूबने वर येऊन हे शब्द पेरले. यात भर घालायला आणखी शब्द होते. ‘डुल्ट’, म्हणजे जत्रा. गॉथिक बायबलमध्ये ‘डुल्थ्स’ म्हणजे सण. म्युनिकमध्ये आजही वर्षातून तीनदा आउअर डुल्ट भरते आणि लोक तिथे भांडीकुंडी घेतात, पाळण्यात बसतात. ‘माउट’, म्हणजे जकात, गॉथिक ‘मोता’. डॅन्यूबवरचं माउटर्न हे गाव जकातवाल्यांचं गाव. हा शब्द तर आता बोलीचा राहिला नाही. 2005 पासून जर्मनीच्या महामार्गांवर मालमोटारींकडून घेतला जाणारा टोलही माउटच. ‘प्फोआड’, म्हणजे सदरा, गॉथिक ‘पाइडा’.

मोठं देखणं मत होतं हे. आरियन मिशनऱ्यांची डॅन्यूबवरून येणारी नाव डोळ्यांपुढे उभी राहते. पण अडचण अशी की अशा मिशनचा इतिहासात पुरावा नाही. शिवाय ‘पाइडा’ चा भाऊ जुन्या इंग्रजीतही आहे, म्हणजे तो शब्द बायरिशने गॉथांकडूनच घेतला असं म्हणता येत नाही. डुल्टचा जुना अवतार अलेमानीतही सापडतो. एबरहार्ड क्रान्त्समायर याने 1960 मध्ये बायरिशच्या या ओळखशब्दांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं आणि गॉथिक प्रभावाची बाजू जोरात मांडली. पुढे व्हिएन्नाच्या पेटर व्हीजिंगर याने एकेक शब्द चाळून काढला आणि पुष्कळ शब्द गाळले. उरले ते थोडे, पण जे उरले ते ठाम. वारांची नावं त्यात आहेत.

माझ्या मते इथे मिशनऱ्यांची गरजच नाही. थिओडोरिक हा ऑस्ट्रोगॉथ राजा 493 पासून इटलीत राज्य करत होता आणि आल्प्सच्या उत्तरेचा रेशियाही त्याच्या हाताखाली होता. 536 च्या सुमारास गॉथांनी हा मुलूख फ्रँकांच्या हवाली केला. म्हणजे जवळजवळ दोन पिढ्या गॉथ शिपाई, कारकून, जकातदार इथे होते. जकात, बाजार, सण, आठवड्याचा दिवस: हे सगळे शब्द एकाच जागी भेटतात, नाक्यावर आणि बाजारपेठेत. बाजार कुठल्या वारी, जकात किती, हे विचारायला धर्म बदलावा लागत नाही. आणि प्फिन्सटागच्या ‘प’ चा ‘प्फ’ झाला आहे, म्हणजे हा शब्दही व्यंजनांच्या उलथापालथीच्या आधी, इनवरच्या पोंतेच्या जोडीने, या मुलखात वावरत होता. तारखा जुळतात.

याहून नवलाचं सर्वनाम आहे. बायरिशमध्ये ‘तुम्ही’ ला ‘ओस’ किंवा ‘एस’ आणि ‘तुम्हाला’ ला ‘एंक’ म्हणतात. ही मुळात द्विवचनाची रूपं: तुम्ही दोघं, तुम्हा दोघांना. शाळेत संस्कृत शिकलेल्याला ‘युवाम्’ आठवेल. मराठीकडे येईपर्यंत द्विवचन प्राकृतातच गळालं होतं. जर्मन बोलींतही ते बहुतेक ठिकाणी नाहीसं झालं. गॉथिकमध्ये मात्र ‘इंक्विस’ होतं, तुम्हा दोघांना. बायरिशने हे द्विवचन मरू दिलं नाही; त्याचंच अनेकवचन केलं. टायरोलच्या खेड्यांत ‘एंक’ आजही ऐकू येतं. शहरात ‘ओस’ मागे पडलं, पण जाता जाता क्रियापदाला आपला शेवटचा ध्वनी चिकटवून गेलं. म्युनिकचा किंवा व्हिएन्नाचा माणूस प्रमाण सर्वनाम वापरूनही ‘इअर हाब्ट्स’ म्हणतो, तुमच्याकडे आहे. तो शेवटचा ‘स’ म्हणजे जुनं ‘तुम्ही दोघं’. दोघांपुरतं असलेलं रूप सगळ्यांसाठी का आणि कसं झालं, यावर भाषाशास्त्रज्ञांचं एकमत नाही. घरातल्या नवराबायकोला, धनी-धनिणीला एकत्र हाक मारताना ते रुळलं असावं, ही कल्पना मला आवडते, कारण शेतकऱ्याच्या घरात ती जोडीच सगळ्यांची मालक.

आठव्या शतकानंतर बोली पूर्वेकडे वाहू लागली. शेवटचा आगिलोल्फिंग ड्यूक तासिलो तिसरा याने स्लाव्हांमध्ये धर्मप्रसार व्हावा म्हणून 769 मध्ये इनिखेनचा मठ दिला आणि 777 मध्ये क्रेम्सम्युन्स्टरचा. या दुसऱ्या मठाच्या दानपत्रात स्लाव्हांच्या मुखियासाठी ‘योपान’ हा त्यांचाच शब्द आहे. शार्लमेनने 788 मध्ये तासिलोला पदच्युत केलं आणि पुढच्या काही वर्षांत आवार लोकांची सत्ता मोडली, तेव्हा पूर्वेची वाट मोकळी झाली. 955 मध्ये लेश नदीच्या मैदानात हंगेरियनांचा पराभव झाल्यावर बव्हेरियन शेतकरी, मठ आणि सरदार डॅन्यूबच्या खालच्या अंगाला, श्टायरमार्क आणि केर्न्टेनमध्ये वसत गेले. 996 मध्ये फ्रायझिंगच्या बिशपला दिलेल्या दानपत्रात एक प्रदेश येतो, ‘ओस्टारिखी’, पूर्वेचा मुलूख. ऑस्ट्रियाचं नाव असं पहिल्यांदा कागदावर आलं. ग्रात्स या शहराचं नाव स्लाव्हिक, छोटा किल्ला. उलट स्लोव्हेन भाषेचे सर्वांत जुने लेख जपले ते फ्रायझिंगच्याच बिशपांनी. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती.

आणि मग या कडेच्या मुलखातून एक लाट उलटी आली. बाराव्या शतकात बायरिशच्या आग्नेय टोकाला जुना दीर्घ ‘ई’ फुटून ‘आइ’ झाला, ‘ऊ’ फुटून ‘आउ’ झाला. ‘मीन हूस’ चं ‘माइन हाउस’ झालं, माझं घर. हे रूप कागदपत्रांबरोबर पश्चिमेला आणि उत्तरेला सरकत गेलं आणि आजच्या प्रमाण जर्मनचा पाया बनलं. ज्या बोलीला पुढे खेडवळ म्हणून हिणवलं गेलं, तिने दिलेले स्वर सगळा जर्मनी उच्चारतो.

पण बायरिशने आपलं घरचं मोजमाप सोडलं नाही. प्रमाण जर्मनमध्ये ‘वाइस’ म्हणजे पांढरा आणि ‘वाइस’ म्हणजे ‘मला माहीत आहे’; कानाला दोन्ही एकच. मुळात पहिल्यात दीर्घ ‘ई’ होता, दुसऱ्यात आधीपासूनच जोडस्वर. प्रमाण भाषेत दोन्ही एकमेकांत मिसळले. बायरिशमध्ये पांढरा तो ‘वाइस’, पण माहीत असणं ‘वोअस’. दोन म्हणजे ‘त्स्वोआ’, घरी म्हणजे ‘दाहोअम’. हजार वर्षांपूर्वीचा भेद म्युनिकच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याच्या तोंडात जसाच्या तसा आहे, आणि तो त्याला कुणी शिकवलेला नाही.

हे सगळं व्यवस्थित पहिल्यांदा पाहिलं श्मेलरने. टोपल्या विणणाऱ्याचा मुलगा, 1785 मध्ये टिर्शेनरॉइटला जन्मलेला. 1821 मध्ये त्याने बव्हेरियाच्या बोलींचं व्याकरण काढलं आणि 1827 ते 1837 या काळात चार खंडांचा बायरिश कोश. कोशातले शब्द त्याने साध्या वर्णक्रमाने लावले नाहीत, शब्दाच्या मुळातल्या व्यंजनांच्या क्रमाने लावले. कारण स्वर गावागणिक बदलतात. व्यंजनं शब्द धरून ठेवतात. जुनी हस्तलिखितं आणि खेड्यातलं बोलणं एकाच पानावर ठेवून वाचण्याची सवय तिथून लागली. आजचे वाद त्याच पानावरचे आहेत.

दक्षिणेला, इटलीच्या ट्रेंटोजवळच्या पठारावर, लुसेर्ना नावाचं तीनशेच्या आसपास वस्तीचं गाव आहे. मध्ययुगात दक्षिणेकडे गेलेल्या बव्हेरियन शेतकऱ्यांची झिंब्रिश बोली तिथे अजून घरात बोलतात. मुख्य प्रवाहापासून तुटल्यामुळे तिच्यात जुन्या खुणा साठून राहिल्या. भावाला तिथे ‘प्रुआदर’ म्हणतात आणि पुस्तकाला ‘पुआख’. इंग्रजीत ब्रदर, प्रमाण जर्मनमध्ये ब्रूडर आणि बूख. ‘ब’ च्या जागी तो स्पष्ट, ओठ घट्ट मिटून सोडलेला ‘प’: पुलिस्लाक लिहिणाऱ्या लेखनिकाने ऐकला होता तोच.